एका म्हशीच्या पावणेचारशे कोंबड्या

एका म्हशीच्या किती शेळ्या होतात? हा प्रश्न चौथीच्या स्कॉलरशिपला कधी आला नाही, त्यामुळे तुमचा गोंधळ उडणं साहजिक आहे. उत्तर आहे नऊ शेळ्या आणि दहाव्या शेळीचे तीन अष्टमांश. कोंबड्यांत हिशेब मांडायचा झाला तर एका म्हशीच्या पावणेचारशे कोंबड्या. हे माझ्या मनचं नाही. नैसर्गिक आपत्तीत जनावर दगावलं तर मालकाला किती मदत द्यायची, याचे निकष केंद्र सरकारचं गृहखातं ठरवतं. 2022 ते 2026 या वर्षांसाठी ठरलेल्या निकषांत दुधाळ गाय किंवा म्हैस गेली तर 37,500 रुपये, शेळी-मेंढी गेली तर 4,000, ओढकामाचा बैल गेला तर 32,000, वासराला 20,000 आणि कोंबडीला नगास शंभर. भागाकार तेवढा मी केला. बी. कॉम.च्या पदवीचा असा उपयोग होईल असं आमच्या वडिलांना वाटलं नव्हतं.

हा तक्ता सवडीनं वाचण्यासारखा आहे. दुधाळ जनावरांच्या ओळीत गाय, म्हैस, उंट यांच्या पंगतीला याक आणि मिथुन बसले आहेत. आमच्या हेडकॅशियरना मिथुन म्हटलं की एकच मिथुन आठवतो, आणि तो दुधाळ कसा हे त्यांना काही केल्या समजेना. अरुणाचलाकडे त्या नावाचं गव्याच्या जातकुळीचं एक जनावर असतं, हे त्यांना पटवण्यात माझी मधली सुट्टी संपली. खालच्या ओळीत वासरू, गाढव, तट्टू आणि खेचर एकाच भावात बसवले आहेत. वासराला हे कळलं तर काय वाटेल याचा विचार मी करत नाही, पण गाढवाला नक्कीच बरं वाटेल. आणखी एक गंमत. 2015 सालच्या निकषांत म्हैस 30,000 ला होती आणि कोंबडी पन्नासला. म्हणजे तेव्हा एका म्हशीच्या सहाशे कोंबड्या येत. सात वर्षांत म्हैस सव्वापट झाली आणि कोंबडी दुप्पट. शेअर बाजारवाल्यांनी कोंबडीकडे वेळीच लक्ष द्यायला हवं होतं.

याच निकषांत माणूस गेला तर वारसांना चार लाख आहेत. तोही भागाकार मी केला होता. तो इथे लिहीत नाही.

आता तुम्ही म्हणाल, बँकेतल्या कारकुनाला म्हशीशी काय करायचंय? तर आमची शाखा सीनाकाठी आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण गाव लहान आहे आणि मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. 2025 च्या सप्टेंबरात सीनेला जो पूर आला तो तुम्ही टीव्हीवर पाहिला असेल. आम्ही तो खिडकीतून पाहिला. माढा, मोहोळ, करमाळा, पलीकडे परांडा, भूम, सगळीकडे तीच कथा. ज्या भागात टँकरचं वेळापत्रक लोकांना तोंडपाठ, त्या भागात लोक कौलांवर बसून पाणी उतरायची वाट बघत होते. पाणी उतरलं, पंचनामे झाले आणि मदत खात्यांत जमा होऊ लागली. सरकारी मदत शेवटी येऊन थांबते ती आमच्या काउंटरपाशी. त्यामुळे तत्त्वज्ञानाचे जे प्रश्न काशीच्या पंडितांना पडायचे ते हल्ली आम्हाला पडतात, आणि तेही समोर चाळीस माणसांची रांग उभी असताना.

पहिला प्रश्न हा की 37,500 ही म्हशीची किंमत आहे काय? कॉलेजात आम्हाला मालमत्तेचं मोल काढायच्या तीन रीती शिकवल्या होत्या: घेतली ती किंमत वजा घसारा, आज विकली तर येईल ती, आणि तीच वस्तू पुन्हा घ्यायला लागेल ती. म्हशीला तिन्ही लावून पाहिल्या. घसारा तिला मानवत नाही. पहिलारू म्हैस पुढच्या दोन-तीन वेतांपर्यंत भावात चढतच जाते, आणि पुढे कधीतरी भाकड झाली की एका आठवड्याच्या बाजारात कोसळते. असा आलेख फक्त काही सिनेनटांचा असतो. नवी घ्यायला जावं तर चांगल्या म्हशीला लाखाच्या वर मोजावे लागतात. त्या हिशेबानं 37,500 रुपयांत म्हशीचा शिंगांपासून खांद्यापर्यंतचा भाग येतो. आणि तेवढ्या भागाला दूध नसतं.

पण सरकारनं कुठंही ‘किंमत’ म्हटलेलं नाही. ‘भरपाई’ हा शब्दही नाही. कागदावर शब्द आहे तो ‘मदत’. आमच्या रांगेतला प्रत्येक माणूस मात्र ‘भरपाई आली का?’ असंच विचारतो. मला वाटतं, सगळी भानगड या दोन शब्दांतल्या वितीएवढ्या अंतरात आहे. भरपाई मागता येते, मदत घ्यावी लागते. भरपाई कमी आली तर भांडता येतं, मदत कमी आली तर ‘तेवढं तर तेवढं’ म्हणायचं. नदी सरकारनं आणली नाही, तेव्हा भरपाईचं देणं सरकारला लागत नाही, हे कायद्यानं बरोबरच असेल. पण नदीकाठी गोठा बांधणाऱ्याकडून घरपट्टी घेताना ती ‘मदत’ म्हणून घेत नाहीत, हेही खरं.

आपल्याकडे याचा विचार पूर्वी झाला नव्हता असं नाही. शिवाजी महाराजांनी 5 सप्टेंबर 1676 रोजी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना लिहिलेलं एक पत्र आहे. गावोगाव जा, कुणब्यांना गोळा करा, ज्याच्याकडे माणूसबळ आहे पण बैल नाही त्याला बैलासाठी रोख पैसे द्या, पोटाला दाणे द्या, आणि वाढीदिढी न लावता मुद्दल तेवढं त्याच्या सवडीनं हळूहळू घ्या, असा त्याचा आशय. हे पत्र मी इतिहासप्रेमी म्हणून वाचायला घेतलं आणि बँकवाला म्हणून खाली ठेवलं. जामीनदार नाही, सातबारा नाही, प्रोसेसिंग फी नाही, आणि वसुली सवडीनं! आमच्या विभागीय कार्यालयानं अशा सुभेदाराची बदली केली असती. पुढे इंग्रजांनी 1884 साली कायदा करून बी-बियाणं आणि बैलांसाठी तगाई द्यायला सुरुवात केली. तीही कर्जाऊच, फक्त साहेबानं व्याज विसरायचं नाही एवढी काळजी घेतली.

तुम्हाला वाटेल, कर्जापेक्षा फुकट मदत केव्हाही चांगली. मलाही वाटायचं. पण कर्जात एक सोय असते. ते परत करता येतं. मदतीत ती नाही. का, ते पुढे सांगतो.

त्याआधी तीन जनावरांची गोष्ट. केंद्राच्या निकषांत एका कुटुंबाला मोठी दुधाळ जनावरं तीनच. चौथी म्हैस मेली तर ती स्वतःच्या जबाबदारीवर मेली. शेळ्यांना तीसची मर्यादा, कोंबड्यांना एकंदर दहा हजार रुपयांची, म्हणजे शंभर कोंबड्यांची. आता ज्याच्या सात म्हशी गेल्या त्यानं काय करावं? तीन स्वतःच्या नावावर, तीन वेगळी चूल मांडलेल्या थोरल्या मुलाच्या नावावर आणि एक भावजयीच्या. चूल वेगळी असते कधीकधी, कधीकधी पंचनाम्यापुरती मांडतात. सातच्या सात म्हशी खरोखर मेलेल्या, पाण्यात नाकातोंडात चिखल जाऊन मेलेल्या, पण कागदावर त्यातल्या चार खोट्या. म्हणजे आमच्या भागात तीन म्हशींपर्यंत माणूस सत्यवचनी असायचा आणि चौथीपासून लबाड व्हायचा. 2025 च्या पुरानंतर राज्य सरकारनं ही तीनाची अट काढून टाकली आणि पुष्कळ माणसं एका रात्रीत प्रामाणिक झाली. वेगळ्या चुली पुन्हा एक झाल्या. एका सुनेचा तेवढा हिरमोड झाला असं ऐकतो. माणसाच्या स्वभावात काही फरक पडला नव्हता, फक्त एक ओळ खोडली होती. प्रवचनं ऐकून एवढी सुधारणा झालेली मी तरी पाहिली नाही.

याचा अर्थ सगळे साधुसंत आहेत असा नाही. एकच मेलेली म्हैस चार गोठ्यांत फोटो काढून घेते, असे किस्से प्रत्येक तालुक्यात आहेत, आणि म्हणूनच जनावराच्या कानात बारा आकडी नंबरचा पिवळा बिल्ला आला. आमच्या राज्यात 2024 च्या जूनपासून बिल्ला नसेल तर खरेदी-विक्री नाही आणि आपत्तीची मदतही नाही. मला व्हाउचरशिवाय पैसे न देण्याची वीस वर्षांची सवय आहे, त्यामुळे बिल्ल्याचं माझ्या मनाला पटतं. खोटं बोलणाऱ्याला आडवायचं तर खरं बोलणाऱ्यालाही थोडा वेळ दारात उभं राहावं लागतं. प्रश्न एवढाच की किती वेळ.

आता ज्या आजोबांची गोष्ट सांगायची ते सत्तरीचे. धोतर, टोपी आणि पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेलं पासबुक. पुराच्या रात्री पाणी गोठ्यात शिरलं तेव्हा त्यांनी कोयता घेऊन चारी जनावरांची दावी कापली. दोन म्हशी, एक गाय, एक कालवड. शेजारच्या भावकीतल्या एकाची जनावरं मात्र दावणीलाच राहिली, कारण तो स्वतः बायकापोरांना घेऊन शाळेच्या गच्चीवर अडकला होता.

आता पाणी उतरल्यावरचं चित्र बघा. ज्याच्याकडून दावी सोडणं झालं नाही त्याच्या दावणीला तीन जनावरं मेलेली, खुंट्याला बांधलेली, कानातल्या बिल्ल्यासकट. पुरावा कसा हवा, तर असा. डॉक्टर आले, फोटो निघाले, तलाठी आले (त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण जीभ वळत नाही), पंचनामा वीस मिनिटांत झाला. आजोबांची गाय दुसऱ्या दिवशी आपल्या पायांनी परत आली. कालवड ओढ्याकाठच्या बाभळीत अडकलेली सापडली. म्हशी दोन्ही गायब. दगावलेलं जनावर कुठं आहे? वाहून गेलं. वाहून गेलं कशानं? दावं कापलं म्हणून. कुणी कापलं? मी. जणू काही चौकशी त्यांचीच चालली होती. “बांधून का नाही ठेवली?” असं कुणीतरी विचारलं म्हणे. त्यावर आजोबा म्हणाले, “दाव्याला बांधून मारायची व्हय?”

वाहून गेलेल्या जनावराचा पंचनामा होतच नाही असं नाही. सरपंच, पोलीस पाटील, शेजारीपाजारी यांचे जबाब घेऊन तो होतो, तसाच यांचाही झाला. पहिली सही केली ती त्या दावणीवाल्या शेजाऱ्यानं. दिवाळीनंतर पैसे आले. दोन म्हशींचे 75,000 आणि कालवडीचे 20,000. इथे आमच्या बँकेचाही एक अंक झाला. यातली एक म्हैस आमच्याच कर्जातून घेतलेली होती. म्हैस वाहून गेली होती, पण तिचं कर्ज काठावर हट्टाकट्टा उभं होतं. मदतीच्या रकमेतून कुठलीही वसुली करायची नाही, असं सरकार दर वेळी बजावतं. पण कॉम्प्युटरला मराठी येत नाही. थकलेला हप्ता दिसला आणि खात्यात रक्कम दिसली की तो हात घालतो. आमच्या साहेबांनी तीन दिवस वरच्या लोकांशी फोनवर भांडून ती रक्कम मोकळी करून घेतली. त्या तीन दिवसांत त्यांचं रक्तदाब मोजायचं यंत्र मीच हाताळत होतो. आजोबांनी 57,500 काढून एक दुभती गाय घेतली, आणि बाकीच्यात दुसरी म्हैस बघतो म्हणाले.

आणि दत्तजयंतीच्या सुमाराला म्हैस आली.

पंधरा-वीस कोस खाली एका उसवाल्याच्या मळ्यात ती पाणी उतरताना लागली होती. तिचा एक कान फाटलेला, बिल्ला गेलेला. मालक कोण कळेना, म्हणून त्यानं बांधून घेतली. आजोबांच्या जावयानं कुठल्याशा लग्नात तिची हकीकत ऐकली, आजोबा जाऊन बघतात तो म्हशीनंच त्यांना ओळखलं. वैरणीचे पैसे द्यायला गेले तर उसवाला म्हणाला, “दोन म्हैनं दूध मी काढलंय. फिटलं.” जमाखर्चाची इतकी स्वच्छ नोंद मी आमच्या शाखेत पाहिलेली नाही.

दुसऱ्या आठवड्यात आजोबा माझ्या काउंटरपुढे उभे.

“सायेब, साडेसदतीस हजार परत घ्या.”

“कसले, आजोबा?”

“म्हशीचं. म्हस आली.”

मी पंचवीस प्रकारचे फॉर्म भरून घेतो. त्यात ‘म्हैस परत आल्याबद्दल’ असा फॉर्म नाही. सरकारचे हे पैसे 2245 नावाच्या लेखाशीर्षातून बाहेर पडतात. पण परत जायची वाट सापडेना. साहेब म्हणाले, तहसीलमध्ये विचारा. तहसीलमध्ये विचारलं तर म्हणे यादी बंद झाली, नंबर लागलेले आहेत, आता नाव काढलं तर सगळी यादी पुन्हा वर जाईल. एकानं सल्ला दिला की अर्ज द्या, आम्ही पुढे पाठवतो. दुसऱ्यानं तो अर्ज न घेता आजोबांना चहा पाजला. पीएम किसानचे पैसे अपात्र लोकांकडून परत मागायला सरकारनं नोटिसा काढल्या होत्या, हे मला माहीत आहे. म्हणजे सरकारला पैसे परत घेता येतात. स्वतःहून आणून दिले की मात्र ते गांगरतं.

शाखेत या विषयावर तीन पक्ष पडले. हेडकॅशियर म्हणाले, आजोबा, दुसरी म्हैस तर गेलीच ना? आणि बाजारात म्हैस मिळते लाखाला. मग दोन्ही म्हशींचे धरून तुम्हाला अजून कमीच मिळालेत, ठेवा. हिशेब बिनचूक होता. आमचा नवा अधिकारी मुलगा, पाटण्याचा, त्यानं आजोबांकडे नुसतंच पाहिलं आणि हळूच म्हणाला, “सर, इनका फोटो ले लूँ?” शिपाई म्हणाला, आजवर या गावानं सरकारकडून घेतलं, सरकारला कुणी दिलं नाही, उगा रीत कशाला मोडता?

पण खरं बोलला तो दावणीवाला शेजारी. तो आजोबांच्या मागोमाग बँकेत आला होता आणि चांगलाच चिडला होता. “आबा, तुमी पैसं परत देणार, आन् मी जी सही केली ती? म्हस गेली म्हनून मी लिवून दिलंय. उद्या म्हनतील, ह्यानं खोटी सही केली. मग बाकीच्या आठ जनांच्या पंचनाम्यावर बी माझीच सही हाय!” त्याचं काही चुकत नव्हतं. त्यानं खोटं लिहिलं नव्हतं. लिहिलं त्या दिवशी म्हैस गेलेलीच होती. त्यानंतर म्हशीनं मत बदललं, त्याला तो काय करणार? आजोबांच्या खरेपणाचा खर्च आठ घरांवर पडणार होता, आणि त्या आठांत दोन विधवा होत्या. मी इतकी वर्षं समजत होतो की खरं वागणं हा ज्याचा त्याचा खासगी प्रश्न असतो, बचत खात्यासारखा. हे तर जॉइंट खातं निघालं. आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग शेजाऱ्याला म्हणाले, “तुजी तीन बांधल्याजागी मेली, तरी तू माज्यासाटी सही केलीस. मी इसरलो न्हाई.” एवढं बोलून ते तंबाखू मळत बाहेर गेले.

म्हशीची स्थिती तर याहून नाजूक आहे. पंचनाम्यात तिचा बारा आकडी नंबर दवाखान्याच्या वहीतून उतरवला होता, त्यामुळे दप्तरी ती मेलेली आहे. तिला नवा बिल्ला मारायचा तर आधी जिवंत करावी लागेल आणि जिवंत केली की वरचा सगळा घोळ सुरू. आता ती विकता येत नाही, विमा उतरवता येत नाही, तिच्यावर कर्ज मिळत नाही. (जुनं कर्ज मात्र चालू आहे. बँकेच्या लेखी ती कधी मेलीच नव्हती.) फक्त रोज सकाळ-संध्याकाळ मिळून सहा लिटर दूध देते आणि ते डेअरीत चालतं. फॅट चांगलं लागतं म्हणतात.

आजोबांनी त्या साडेसदतीस हजारांना हात लावलेला नाही. म्हैस घ्यायची राहिलीच. सरकार मागायला येईल तेव्हा द्यायचे, असं त्यांनी परस्पर ठरवलं आहे. महिन्यातून एकदा येतात, पासबुक भरून घेतात आणि आकडा तोच आहे ना, हे माझ्याकडून वाचून घेतात. एप्रिलात आले तेव्हा आकडा तोच नव्हता. अडीच टक्क्यांनी तीन महिन्यांचं व्याज जमा झालं होतं, 234 रुपये.

“ह्ये कुनाचं?” आजोबांनी विचारलं.

मी मागच्या रांगेकडे पाहिलं. माझ्या मते ते म्हशीचे आहेत, पण तसं काउंटरवरून सांगता येत नाही. मी म्हटलं, साहेबांना विचारून सांगतो. साहेब रजेवर होते.

“बरं,” म्हणाले, “पुढल्या म्हैन्यात येतो,” आणि पासबुक कागदात गुंडाळू लागले.